हेवीचं लायसन्स हातात आहे, लोकल गाडी कोण देईल?

पत्राचा सारांश: पत्रलेखक २६ वर्षांचे, मूळचे करमाळा तालुक्यातले. सध्या पत्नी, लहान मुलगी आणि आईवडिलांसह चाकणजवळ भाड्याच्या खोलीत राहतात. कारखान्यातलं कंत्राटी काम सुटल्यावर साठवलेले पैसे घालून त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमधून जड वाहनाचं लायसन्स काढलं, त्याला तीन महिने झाले. वडिलांना पक्षाघात झालेला असल्यानं रात्री घरी असणं गरजेचं आहे, म्हणून लाइनवर (लांब पल्ल्याच्या गाडीवर) न जाता लोकल गाडीच हवी आहे. सात-आठ ठिकाणी विचारलं, सगळीकडे 'किमान तीन वर्षांचा अनुभव' हे एकच उत्तर. एक एजंट १२,००० रुपये घेऊन 'कंपनीत लावून देतो' म्हणतोय. एक हायवावाला (खडी-मुरूम वाहणाऱ्या टिपरचा मालक) रात्रीच्या खेपांसाठी आजच्या आज चावी द्यायला तयार आहे, खेपेला ५०० रुपये. एका वाहतूक कंत्राटदाराकडे १४ फुटी आयशरवर १७,००० रुपये पगाराची जागा आहे, पण 'हेवी काढून छोटी गाडी कशाला?' असं त्यांना वाटतं. मामा म्हणतात, दोन वर्षं क्लीनर म्हणून जा. पत्रात ओघात एक वाक्य येऊन जातं: गावी असताना मामांच्या पिकअपनं दोन वर्षं कांदा बाजार समितीत पोचवायचो, 'पण तो काही अनुभव नाही'. प्रश्न असा की अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही, तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. दोन वर्षं पिकअप चालवली, तीही कांद्यानं भरलेली, कच्च्या रस्त्यानं, लिलावाची वेळ गाठत. हा अनुभव नाही तर काय? भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते, मागे वजन जास्त झालं की स्टिअरिंग हलकं लागतं, पोती एका अंगाला सरकली की वळणावर गाडी झुकते, हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. नुसतं लायसन्स घेऊन बाहेर पडलेल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. आणि मालकापुढे मात्र तुम्ही त्याच मुलासारखे उभे राहता, 'नवीन आहे साहेब' म्हणत.

आधी ती तीन वर्षांची अट समजून घ्या. ट्रक बहुतेक वेळा हप्त्यावर असतो. कंपनीच्या डॉकवर (माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यावर) गाडी घासली तर डॉकची भरपाई, मालाचं नुकसान आणि गाडी उभी राहिलेल्या दिवसांचं भाडं असा तिहेरी फटका मालकाला बसतो. अनोळखी माणसाला चावी देताना त्याच्या मनात खरे प्रश्न दोनच असतात: याला गाडी मागे घेता येते का, आणि काही झालं तर याच्याबद्दल कुणाला विचारायचं? ही उत्तरं मिळवायचा सोपा मार्ग म्हणून तो 'तीन वर्षं' म्हणतो. तुम्ही ती उत्तरं दुसऱ्या मार्गानं दिलीत तर बरेच छोटे मालक या अटीवर अडून बसत नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या कंत्राटात मात्र चालकाच्या अनुभवाची अट लेखी असते. तिथे कंत्राटदाराच्या हातात काही नसतं, त्यामुळे त्या दारात सध्या वेळ घालवू नका.

आता 'लोकल' या शब्दाकडे. लोकल म्हणजे सोपं आणि लाइन म्हणजे अवघड, असं तुमच्या पत्रात गृहीत धरलेलं दिसतं. गाडी चालवण्यापुरतं बोलायचं तर हे जवळजवळ उलटं आहे. महामार्गावर टॉप गिअरमध्ये तासन्‌तास जाणारी गाडी हाताला हलकी असते. तिथला त्रास झोपेचा, जेवणाचा आणि घरापासून लांब राहण्याचा. लोकलमध्ये दिवसाला पाच-सहा ठिकाणी गाडी आत-बाहेर, अरुंद गेट, डाव्या अंगानं घुसणाऱ्या दुचाकी, भोसरी-तळवड्याच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना लागलेल्या गाड्या, आणि वरून पोचायची ठरलेली वेळ. अनुभवाचा आग्रह लोकलवाले धरतात त्याचं एक कारण हेच.

दुसरं म्हणजे लोकल म्हणजे रोज रात्री घरी, हेही गृहीत धरू नका. शहरांत आणि पुणे-नाशिक महामार्गासारख्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी जड वाहनांना वेळोवेळी बंदी असते, त्यामुळे बरीच लोकल कामं रात्रीच चालतात. कुणी चाकण ते रांजणगाव फेऱ्यांना लोकल म्हणतं, तर कुणी चाकण ते भिवंडी अप-डाऊनला. भिवंडीत गोदामावर रांग लागली की तुमची रात्र तिथेच. म्हणून 'लोकल आहे का?' असं विचारूच नका. गाडी कुठून कुठे जाते, रात्री कुठे उभी राहते आणि महिन्यातून किती रात्री बाहेर काढाव्या लागतात, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मालकापेक्षा त्याच्याकडचा आत्ताचा ड्रायव्हर खरं देतो. चहाच्या टपरीवर त्याला गाठा.

१४ फुटी आयशरची जागा तुम्ही कमी लेखताय, तिच्याबद्दल थोडं सविस्तर. ज्या गाडीचं आरसीवरचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ७,५०० किलोच्या आत आहे ती कायद्यानं हलक्या वाहनात मोडते. पिकअप, टाटा ४०७, बहुतेक १४ फुटी आयशर यात येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं की अशी मालवाहू गाडी चालवायला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, वेगळ्या ट्रान्सपोर्ट नोंदीची गरज नाही. तुम्हाला याचा दुहेरी उपयोग आहे. एक, या गाड्यांसाठी तुम्ही तीन महिन्यांचे नवखे नाही. हेवीसाठी अर्ज करण्याआधी किमान वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स असावंच लागतं, म्हणजे तुमचं ते जुनं आहे. अर्ज करताना, बोलताना ती जुनी तारीख सांगा. दोन, ज्या कंत्राटदाराकडे १४ फुटी आहे त्याच्याकडे बहुधा १९ फुटी आणि २२ फुटीही असतात. तिथे छोट्या गाडीवर सहा महिने काढलेला माणूस घरचा होतो. मोठ्या गाडीचा ड्रायव्हर एके दिवशी आला नाही की चावी त्याच्याच हातात येते.

म्हणून ती जागा घेण्याआधी कंत्राटदाराच्या यार्डात एक चक्कर मारा. आवारात मोठ्या गाड्या उभ्या दिसल्या तर जागा घ्या. नुसत्याच छोट्या असतील तर मात्र तुमचा विचार बरोबर आहे, तिथे तुम्ही दोन वर्षांनीही १४ फुटीवरच असाल.

पैशाचा हिशेब. १७,००० पगार, १२ तासांची ड्युटी, २६ दिवस धरले तर ३१२ तास होतात, म्हणजे तासाला साधारण ५४ रुपये. फार नाहीत. कायद्यात दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास आहेत, जादा कामाला दुप्पट दर आहे. प्रत्यक्षात छोट्या वाहतूकदारांकडे हे क्वचित दिसतं, हेही खरं. पण १७,००० म्हणजे हातात किती, हे विचाराच. पीएफ १२ टक्के कापला जात असेल तर १५,००० मूळ पगारावर १,८०० रुपये जातात, मात्र तेवढीच भर मालकाला घालावी लागते. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू होतो, तुमचे पाऊण टक्का म्हणजे १२७-१२८ रुपये जातात, आणि त्यात घरच्यांच्याही उपचारांची सोय होते. वडिलांचं आजारपण बघता तुम्हाला हे कार्ड पगारात हजार रुपये जास्त मिळण्यापेक्षा मोलाचं आहे. अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावं त्यात घालता येतात. कापतो म्हणणारे सगळेच भरत नाहीत, तेव्हा दोन महिन्यांनी पीएफच्या पासबुकात जमा दिसतेय का, ते मोबाइलवर बघा.

आता हायवावाला. खेपेला ५००, रोज दोन खेपा, २६ दिवस म्हणजे २६,००० होतात, म्हणून मन ओढलं जाणं स्वाभाविक आहे. पण खेपेच्या कामात क्रशर बंद, पाऊस, साइटवर जागा नाही, गाडी गॅरेजात, यातला एकही दिवस मालक भरून देत नाही. महिन्यात १८ दिवस गाडी चालली आणि सरासरी दीड खेप झाली तर २७ खेपा होतात, म्हणजे १३,५००. आणि ती रात्रीची. वडिलांसाठी रात्री घरी हवं म्हणून लोकल शोधताय, मग हे गणित मुळातच जुळत नाही.

त्याहून मोठा धोका वेगळा आहे. तीन महिन्यांच्या लायसन्सवर ओळखपाळख नसताना कुणी लगेच चावी देत असेल तर अनुभवी ड्रायव्हर तिथे का टिकत नाहीत, हे आधी शोधा. वाळू, मुरूम, खडी अशा गौण खनिजाच्या प्रत्येक खेपेला सरकारच्या महाखनिज प्रणालीतून निघालेला वाहतूक पास लागतो, बोलीभाषेत रॉयल्टी. पास नसेल किंवा त्यावरची वेळ उलटून गेली असेल तर महसूल खातं गाडी जप्त करतं, आणि गुन्हा नोंदला गेला तर गाडीत सापडलेल्या ड्रायव्हरचं नाव त्यात सहसा पहिलं येतं. मालक दंड भरून गाडी सोडवेल, तुमच्या नावावरची नोंद पुढच्या प्रत्येक चारित्र्य पडताळणीत दिसेल. शिवाय ओव्हरलोड. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत, जादा माल तिथेच उतरवावा लागतो तो वेगळा. उदाहरणार्थ, सहा चाकी ट्रकला गाडीसकट १८.५ टनांची मर्यादा आहे. त्यावर तीन टन जास्त म्हणजे २६,००० चा दंड. हा कोण भरणार, यावर हायवावाला काय बोलतो ते ऐका. 'ते बघू आपण' हे उत्तर आलं तर निघून या. खडी-मुरुमाच्या सगळ्याच गाड्या अशा असतात असं नाही. दिवसपाळीचा, रॉयल्टी दाखवणारा, महिन्याचा पगार देणारा मालक मिळाला तर टिपरवर हात चांगला बसतो.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. तो बहुतेक वेळा तुम्हाला त्याच कंत्राटदारांच्या दारात नेऊन उभं करतो जिथे तुम्ही स्वतः चालत जाऊ शकता. हेच १२,००० चांगल्या ठिकाणी लावायचे असतील तर ड्रायव्हिंग स्कूलकडे परत जा आणि फक्त रिव्हर्सचे जादा तास घ्या. नाशिक फाट्याजवळ सीआयआरटीची (केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेची) चालक प्रशिक्षण संस्था आहे, तिथे जड वाहनाच्या उजळणीची चौकशी करा. तिथलं प्रमाणपत्र कंपन्यांच्या सुरक्षा विभागाला ओळखीचं असतं.

काम शोधायचं कुठे? मोबाइलवरच्या जाहिरातींवर अवलंबून राहू नका. नव्या माणसाला आत शिरायचा खरा रस्ता म्हणजे बदली. वाहतूकदारांकडचे बरेच ड्रायव्हर उत्तर प्रदेश, बिहारकडचे असतात. ते होळीला आणि दिवाळी-छटपूजेला गावी जातात, पंधरा दिवसांचे महिनाभर होतात. त्याच सुमारास पार्सल हब आणि किराणा मालाच्या वितरकांकडे माल दुप्पट झालेला असतो. उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू झाला की मराठवाडा, सोलापूरकडचे काही जण कारखान्यांच्या गाड्यांवर निघून जातात. या काळात यार्डात गाड्या उभ्या असतात आणि मालक हैराण. सणाच्या आठ-दहा दिवस आधी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, चाकण-म्हाळुंगेच्या वाहतूकदारांकडे जाऊन 'बदलीवर येईन, दिवसाच्या हजेरीवर' असं सांगा. बदलीत गाडी सांभाळून आणली की पुढच्या वेळी फोन तुम्हाला येतो. जायचं ते सकाळी. दुपारनंतर मालक बिलांच्या मागे असतो आणि गाड्या बाहेर असतात.

मोठी गाडीच हातात हवी असेल तर यार्डातलं शंटिंग हे नव्या माणसासाठी चांगलं आणि फारसं कुणी न विचारणारं काम आहे. कारखान्यांच्या आणि कंटेनर यार्डांच्या आवारात गाड्या डॉकला लावणं, काढणं, रांगेत उभ्या करणं. पगार कमी, पण पाळी ठरलेली, आणि लाइनवरचा ड्रायव्हर महिन्यात जितकी रिव्हर्स मारतो तितकी इथे दोन दिवसांत होते. त्याखेरीज महापालिकेच्या ठेक्यावरच्या कचरागाड्या, पाण्याचे टँकर, दुधाच्या गाड्या, सिमेंट-सळईच्या दुकानाची ४०७, बेकरीची व्हॅन, मार्केट यार्डातली पिकअप, ही सगळी रात्री घरी पोचवणारी कामं आहेत. दुधाची आणि भाजीची गाडी पहाटे दोन-तीनला निघते, एवढं लक्षात ठेवा. चाकणच्या वाहन उद्योगात सुट्या भागांच्या ठरलेल्या फेऱ्या असतात, एका गाडीनं चार-पाच पुरवठादारांकडून माल गोळा करून कारखान्यात वेळेवर द्यायचा. त्यांना मिल्क रन म्हणतात. दिवस ठरलेला, रस्ता ठरलेला, म्हणून त्यासाठी चढाओढही जास्त. मिक्सरच्या गाडीत काँक्रीट घट्ट होण्याआधी पोचवायची घाई आणि वर फिरणारं वजन असतं. ते पहिलं काम म्हणून नको.

आता ट्रायल. तुमची निवड ठरते ती इथे, आणि ट्रायल चावी फिरवायच्या आधीच सुरू झालेली असते. यार्डातला मेस्त्री किंवा सुपरवायझर बघत असतो की हा थेट केबिनमध्ये चढतो का गाडीभोवती फिरतो. फिरा. ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करून गाडीला एक फेरा: टायर, मागच्या जोडटायरांच्या मधे अडकलेला दगड, नटांपाशी गंजाचा ओघळ (नट ढिला असल्याची खूण), कमानीचा तुटलेला पाटा, फाळक्याच्या (मागच्या झडपेच्या) कड्या, मागचे दिवे, खाली जमिनीवर तेलाचा किंवा पाण्याचा डाग. मग ऑइलची पट्टी आणि कूलंट. इंजिन सुरू केल्यावर ब्रेकच्या हवेचा काटा पुरेसा चढेपर्यंत थांबा, बझर वाजत असताना गाडी हलवली तर ट्रायल तिथेच संपली समजा. निघाल्यावर आवारातच, गेटबाहेर पडण्याआधी, एकदा ब्रेक दाबून बघा.

रस्त्यावर ते बघतात तीन गोष्टी. चढावर गाडी मागे न घरंगळता निघते का. डावीकडे वळताना डाव्या आरशात बघता का, कारण वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून कापत जातात आणि दुचाकीवाला नेमका तिथेच असतो. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करता का. डिझेल वाचवायला म्हणून ही सवय पुष्कळांना असते. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि घाटाच्या शेवटी ब्रेक लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढता त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरायचं.

आणि डॉक. बंद बॉडीच्या गाडीत नव्या माणसाची हमखास फजिती होते ती दरवाजाची: गाडी व्यवस्थित मागे घेऊन डॉकला चिकटवतो आणि मग कळतं की दरवाजे उघडायला जागाच नाही. गाडी डॉकपासून दहा फुटांवर सरळ उभी करा, उतरा, दरवाजे पूर्ण उघडून बॉडीच्या कडांना हुकानं अडकवा. खाली उतरलाच आहात तर वर बघा: शेडचा पत्रा, पाइप, लोंबणारी वायर. जमिनीचा उतार डॉककडे आहे का तेही बघा, कारण उतार असेल तर गाडीचं वरचं टोक खालच्या आधी भिंतीला लागतं. शक्य असेल तिथे ड्रायव्हरच्या बाजूनं वळून मागे घ्या, खिडकीतून मागचा कोपरा स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. क्लीनरच्या बाजूनं घ्यायची वेळ आली तर माणूस उभा केल्याशिवाय घेऊ नका, आणि तो माणूस आरशातून दिसेनासा झाला त्या क्षणी थांबा. ट्रेलर सोडून साध्या ट्रकला, मागचा भाग जिकडे न्यायचा तिकडेच स्टिअरिंग. थोडं आणि लवकर फिरवा. जास्त आणि उशिरा फिरवलं की गाडी सापासारखी चालते. बिघडलं तर पुढे घेऊन परत लावा. दोनदा पुढे घेतल्यानं कुणी नापास करत नाही, न उतरता अंदाजानं दाबल्यानं करतात. लागल्यावर हँडब्रेक, चाकाला ओट (अडसराचा ठोकळा), आणि चावी काढून खिशात किंवा गेटवर जमा. आत फोर्कलिफ्ट असताना गाडी हलली तर माणूस जातो. म्हणून मोकळ्या तळावर चार जुने टायर मांडून, गाडीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून हा सराव करा, पोरं हसली तरी.

काम ठरल्यावर, पहिल्या खेपेआधी, गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये घालून विमा, फिटनेस, पीयूसी कधीपर्यंत आहेत ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आठ वर्षांच्या आतल्या गाडीला फिटनेस दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी लागतं, आणि जुन्या गाड्यांचं ते संपलेलं असणं नवीन नाही. विमा संपलेल्या गाडीनं अपघात झाला तर मालकाबरोबर तुम्हीही कोर्टाच्या फेऱ्यांत अडकता. विम्याच्या कागदावर पगारी चालकाचा हप्ता भरलेला आहे का, तेही विचारा. स्वतःहून बँकेत वर्षाला २० रुपयांची सुरक्षा विमा योजना सुरू करा, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे.

मालकाला विचारायचं ते स्पष्ट विचारा, पहिल्याच दिवशी: गाडी घासली तर पगारातून किती कापणार? माल कमी भरला तर? डिझेलचं ॲव्हरेज किती धरता, आणि ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचं काय? वाराई (माल उतरवण्याचे पैसे) आणि हमाली कोण देतं? तुम्ही खिशातून दिलीत तर पावतीशिवाय परत मिळते का? ई-चलन कुणाच्या नावावर? सिग्नल तोडल्याचं तुमचं, कागद संपल्याचं मालकाचं, एवढी वाटणी तरी तोंडी ठरलेली असावी आणि मग ती व्हॉट्सॲपवर एका ओळीत पाठवून ठेवावी. मूळ लायसन्स किंवा आधार कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर नाहीच.

माल घेताना नग मोजा. सीलबंद असेल तर सीलच्या नंबराचा फोटो काढा आणि बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) तोच नंबर आहे ना, बघा. राज्यांतर्गत एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक कागद) लागतं आणि त्यावर तुम्ही चालवत असलेल्या गाडीचाच नंबर हवा. सकाळी ठरलेली गाडी बंद पडली आणि तुमच्या गाडीत माल भरला तर जुना नंबर तसाच राहून जातो, मग गाडी अडकते. पोच घेताना शिक्का, सही आणि कमी-जास्त असेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या. लोकलच्या पगारातली कपात बरीचशी या पोचेवरूनच होते.

पुढची पायरीही आत्ताच डोक्यात असू द्या. गॅस सिलिंडर, पेट्रोल-डिझेल, रसायनं अशा धोकादायक मालाच्या गाडीला लायसन्सवर वेगळी नोंद लागते. मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आरटीओत ती होते, तीन वर्षांनी नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी. लोणी काळभोरच्या डेपोंतून पंपांना जाणारे बरेच टँकर त्याच दिवशी परततात. पहिल्या वर्षी ते काम मिळणार नाही, पण ही नोंद असलेले ड्रायव्हर कमी असतात. हातात वर्षभराचा अनुभव आला की हे प्रशिक्षण घ्या. हेवीचं लायसन्स मिळण्याआधीच हे पत्र वाचणाऱ्यांसाठी: ट्रान्सपोर्ट लायसन्सला वय २० पूर्ण हवं, आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली आहे, आणि बॅज लागतो तो प्रवासी गाडीला, मालवाहूला नाही. बॅजच्या नावावर कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतोय.

राहिले मामा. दोन वर्षं क्लीनर, हा सल्ला त्यांच्या काळात बरोबर होता. तेव्हा लायसन्सच्या आधी गाडी शिकायची तीच शाळा होती. तुम्हाला घर चालवायचंय आणि क्लीनर बहुतेक लाइनच्या गाडीवरच लागतात, म्हणून तो नको. मामांकडून वेगळी मदत घ्या. त्यांच्या पिकअपच्या आरसीची झेरॉक्स, 'अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत माझी गाडी चालवली, अपघात नाही' असं त्यांच्या सहीचं अर्धं पान, आणि ज्या अडत्याकडे तुम्ही कांदा टाकायचात त्याचा फोन नंबर, त्याला आधी विचारून. यासोबत पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला जोडा, अर्ज ऑनलाइन होतो. ही फाइल घेऊन १४ फुटीच्या कंत्राटदाराकडे जा आणि तिथे, त्याच्यासमोर, मामांना फोन लावून द्या.